मोटारीच्या नाकावरची झूल

वैशाख लागला की बाकीच्यांना तो आभाळात दिसतो, मला तळपायांना कळतो. परवा गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला अनवाणीच गेले आणि उड्या मारत परत आले. सुनेनं जिन्यातून विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, जुनी ओळख निघाली.

ही ओळख बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ आलेल्या उन्हाळ्यातली. ती एरवी पायातच झोपून राहते. पण यंदा तिला जागं करायला माझी नात श्वेता भाड्याची एक गाडी घेऊन दारात आली. गाडी कसली, घरच. आत पलंग, ओटा, भांडी घासायला नळ, खिडक्यांना पडदे. भंडारदऱ्याला जायचं, धरणाच्या काठी गाडी लावायची आणि चार दिवस गाडीतच राहायचं, असा तिचा बेत. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कुणी गादी दाबून पाहिली, कुणी नळ सोडून पाहिला. मी मात्र सरळ पुढं गेले, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढले, चप्पल काढली आणि पाय खाली टेकवले. गार. मधल्या उंचवट्यावर तळहात ठेवला. तोही गार.

"आजी, काय शोधतेस?" श्वेतानं विचारलं.

"इंजिन."

"ते पुढं आहे गं, नाकात. त्याचं आत काही येत नाही."

आत काही येत नाही. एवढंच वाक्य त्या उन्हाळ्यात मला कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, तर मी त्याच्या पाया पडले असते.

कारण आमच्याकडंही अशी घर-गाडी होती. पोरांना खोटं वाटतं. त्यांना वाटतं, गाडीत राहायची हौस त्यांनीच शोधून काढली. आमचं गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या बाजारापासून बैलगाडीनं सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. घरात दोन भाऊ. थोरले शेती बघायचे. आमचे हे धाकटे, त्यांचा जीव लोखंडात. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायची, पंप उतरवायचे, चढवायचे. दुष्काळात पाणी जसजसं खाली गेलं तसतशी गावोगावची माणसं यांना शोधत यायला लागली. पंप अजून खाली सोडायचाय, पाइपाच्या तळाची झडप, तिला सगळे फुटबॉल म्हणायचे, ती पाणी धरत नाही, इंजिन नुसतं धूर सोडतंय. यांनी मग नगरला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी ॲम्ब्युलन्स आणली. वरून राखाडी रंग मारला तरी अंगावरचं लाल फुलीचं चिन्ह उन्हात वर यायचं, जुन्या गोंदणासारखं. आत स्ट्रेचर ठेवायच्या खाचा होत्या, त्यांच्यात फळ्या घातल्या. एका फळीवर आम्ही, एका फळीवर यांची अवजारं. मागच्या कोपऱ्यात स्टो, पिठाचा डबा, तिखटमिठाच्या बरण्या खिळ्यांना सुतळीनं बांधलेल्या. आरसासुद्धा होता. माझं नाव कमळ, आणि रस्ता खराब असला की मला त्यात एका वेळी चार कमळी दिसायच्या, आणि त्या वयात मला एकच काय, चारही आवडायच्या.

त्या गाडीत मी का गेले, नवऱ्याच्या प्रेमापायी म्हणाल तर चुकाल. मी जावेपासून पळून गेले.

माझी थोरली जाऊ यमुना. मी तिला अक्का म्हणायची. तिच्यात वाईट म्हणावं असं काही नव्हतं, हाच माझा राग. ती उंच होती. तिचं नाक असं की नथ त्यासाठीच घडवलेली वाटावी. तिच्या माहेरचे लोक आले की भरल्या हातानं यायचे. आमच्या परसातल्या विहिरीला त्या साली, सगळ्या शिवारात पाणी आटलं असताना, तळाला का होईना पाणी होतं, आणि मला तर वाटायचं की ती विहीरसुद्धा तिच्याच बाजूची आहे. धान्याच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला. पीठ काढून द्यायची तीच. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या काही हवं असलं की हाक मारायच्या ती यमीला. माझ्या वाट्याला काय, तर भाकरी. सगळ्या घराच्या भाकऱ्या मीच थापायच्या. मी परातीशी बसले की अक्का चूल सोडून उठून जायची, मला वाटायचं, मिरवत जाते. परातीवर वाकून मी मनातल्या मनात म्हणायची, बघा, जड काम तेवढं माझ्या गळ्यात. आत्याबाई जेवताना भाकरीला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत, कधी वाईट म्हणाल्या नाहीत. मुकाट्यानं चुरून खायच्या. माझ्या डोक्यात तेव्हा मेंदू होता, पण तो मी कायम पदराखाली झाकून ठेवायची.

गाडीत राहायचं म्हटल्यावर आत्याबाईंनी सरळ नकार दिला नाही, पण एक खुंटी मारून ठेवली. म्हणाल्या, "बाईमानसाचं घर रस्त्यावर नसतं. मी येकदा बशीन त्या गाडीत. तुला सुख हाय असं दिसलं तर ऱ्हावा. न्हाई दिसलं तर गाडी वाड्यात लावायची आन् दोगांनी घरी यायचं."

घरी यायचं म्हणजे अक्काच्या हातनं मोजून पीठ घ्यायचं. त्यापेक्षा मी वाघाच्या पिंजऱ्यात राहिले असते. आणि राहिलेही, जवळजवळ.

त्या गाडीचं इंजिन बाहेर नाकात नव्हतं, आत आमच्यात होतं. यांची सीट आणि माझी सीट यांच्या मधोमध, वर पत्र्याचं झाकण घातलेलं. नव्या संसारात नवरा-बायकोच्या मध्ये कुणी बसू नये म्हणतात, आमच्या मध्ये हे बसलेलं, आणि तेही तापलेलं. गाव सोडून दोन मैल झाले की झाकणावर हात ठेवणं शक्य नसायचं. डाव्या बाजूच्या बांगड्या आधी तापायच्या. लुगड्याचा काठ पायाला लागला की चटका. डब्यातला गूळ पाघळून त्याची राबडी व्हायची. केसातलं तेल मानेवरून ओघळायचं. पायाखाली मी जेवायचा पाट घेऊन बसायची, तर थोड्या वेळानं पाटही तापायचा. चैत्रात हे हाल, वैशाखात काय सांगू. घोडेगावच्या बाजारच्या दिवशी आम्ही घरी टेकायचो, तेव्हा अक्का चहा ठेवता ठेवता सहज विचारायची, म्होरं बसतीस का मागं. मी तळपाय लुगड्याखाली ओढून घ्यायची आणि म्हणायची, म्होरं की. काय वारं लागतं अक्का, झोप येती.

असं दर बाजारी. वाऱ्याचं वर्णन मी वाढवत नेलं. एकदा तर भंडारदऱ्यासारखं म्हणाले. भंडारदरा मी तोवर पाहिलेलाही नव्हता.

आणि मग एके दिवशी अक्कानं कपबशी खाली ठेवली आणि सांगितलं की तिच्या भावाचं लग्न ठरलंय, खर्ड्याजवळ. घरची बाकी माणसं आधी एसटीनं जातील. "मी आन् आत्याबाई तुमच्या गाडीतनं येऊ. मी म्होरं बसंन, कमळे. तुला लागतं तसलं वारं मला बी लागू दे."

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. माझी तपासणी ठरली.

मी यांना सांगितलं, गाडी गार करा. हे गाडीखाली आडवे झोपले होते. फक्त पाय बाहेर. पाय म्हणाले, आता का? रोज तर तुझे पाय भाजतायत. मी म्हटलं, माझे भाजू देत, अक्काचे भाजले तर आपण घरी जाऊ. त्यावर ते इतके हसले की पाना हातातून सुटून त्यांच्याच कपाळाला लागला.

पहिली अक्कल माझी. ओलं पोतं. झाकणावर ओलं पोतं टाकलं की गारवा राहील, माठासारखा. पण त्या उन्हाळ्यात पोतं ओलं करायला पाणी काढायचं कुठून, आणि काढलं तरी पुढचं गाव यायच्या आत ते कोरडं व्हायचं, वर भिजलेल्या कुत्र्यासारखा वास. मग दुसरी अक्कल, तीही माझीच. गोधडी. तीन जुनी लुगडी घालून मी झाकणाच्या मापाची गोधडी शिवली, इतक्या घट्ट टाक्यांची की माझ्या बाळंतपणालासुद्धा मी पुढं तसली शिवली नाही. यांनी बघितलं, घालू दिली. गोधडीवर हात ठेवला की छान वाटायचं. पण आग आता खालून, ब्रेकच्या आणि गिअरच्या दांड्या जिथून आत येतात त्या भोकांमधून येऊन सरळ माझे घोटे धरायला लागली.

एका विहिरीवर काम संपल्यावर लिंबाखाली बसलो होतो. हे म्हणाले, "तू तिला वरनं दाबतीस, ती बाजूनं निघती. तिला जायाला वाट पायजे."

मी भाकरी उलटत होते. तीन दगडांची चूल, आणि तिच्या मागं मी सवयीनं ठेवलेली वैलाची जागा, जिथून पुढचा जाळ मागं ओढला जातो आणि कालवणाचं भांडं तापतं. वैल बुजवला की सगळा धूर नि जाळ रांधणारीच्या तोंडावर. मी म्हटलं, मग गाडीला वैल काढा की, मागच्या अंगाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर ते एरवी फक्त चांगल्या बेअरिंगसाठी राखून ठेवायचे.

मग पुढचे दिवस आमच्या संसारातले मला सगळ्यात गोड आठवतात, आणि त्यांना वास आहे तो ग्रीसचा. यांनी इंजिनाच्या मागं, खालच्या बाजूला पत्रा कापून एक रुंद फट काढली, तिच्यापुढं तिरपी पट्टी बसवली, म्हणजे गाडी पळायला लागली की खालचं वारं आतली आग मागं ओढून नेईल. दांड्यांभोवतीची भोकं बुजवायला घोडेगावच्या बाजारातून नमदा आणला, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो जाड लोकरीचा. तो कापून मी भोकाभोकात कोंबला. तेलाचे रिकामे डबे फाडून, ठोकून सपाट केले आणि त्यांचा चकचकीत पत्रा झाकणाच्या आतून बसवला. चिकटवून नाही, मध्ये बोटभर पोकळी ठेवून. मला वाटलं यांची चूक झाली, म्हणून मी तो दाबून बसवायला गेले, तर माझ्या हातावर चापट. पोकळीच तर आग अडवते म्हणाले. आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला पांढरी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. ती मी गुंडाळली, शेजारी शेजारी वेढे घालत, वेणीसारखी. टोक दातानं तोडलं. श्वेताला हे सांगितलं तर ती किंचाळलीच, म्हणाली, आजी ते विष असतं, फुप्फुसात जातं. गेलं असेल बाई. तेव्हा माझ्या फुप्फुसात अक्काच एवढी भरून होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

सगळ्यात शेवटी यांनी पुढची जाळी साफ केली. जनावरांच्या छावणीला कडबा नेणाऱ्या गाड्यांच्या मागून आम्ही इतकं फिरलो होतो की जाळीत भुसा, फुलपाखरं, एका अख्ख्या चिमणीची पिसं. हवा भरायच्या पंपानं त्यांनी ती मागून फुंकून काढली. म्हणाले, निम्मी आग हितनंच येत हुती. हिला श्वासच न्हवता.

मग आम्ही गावाबाहेर चक्कर मारून आलो. पूर्वी झाकणावर हात ठेवून ओवी म्हणायला घेतली तर पहिला शब्दही पुरा व्हायचा नाही. त्या दिवशी अख्खी ओवी म्हणून झाली आणि हात तिथंच. पाय पत्र्यावर, पाट नको. खिडकीतून वारं.

आणि गंमत बघा, मला रडू आलं. इतके दिवस भाजून घेतलं ते मी, आणि आता गारवा झाला तर तो अक्कासाठी. पहिल्यांदा कोण बसणार, तर अक्का. मला वाटलं, त्यातला थोडा नमदा ओढून काढावा, फार नाही, एका घोट्यापुरता. यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "तुज्या डोक्याला बी मागनं येक फट पाडाय पायजे."

ते वाक्य आता सुद्धा कधी कधी ऐकू येतं. नेमकं त्याच वेळी, जेव्हा पाडायला हवी असते.

निघायच्या दिवशी सकाळी आत्याबाई घरातून काहीतरी कवेत घेऊन आल्या. झूल. आमची बैलजोडी थंडीतच घोडेगावच्या बाजारात गेली होती. चारा नव्हता. बैल गेले त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नव्हत्या, एवढंच मला ठाऊक. झूल कुठं ठेवली ते कुणी विचारलं नव्हतं. लाल कापड, त्यावर आरशांच्या टिकल्या, कवड्यांची किनार, चारी कोपऱ्यांना गोंडे. पोळ्याला ती बैलाच्या पाठीवर पडली की गावात दुसरं कुणी बघण्यासारखं उरायचं नाही. आत्याबाई सरळ गाडीपुढं गेल्या, नाकावर झूल टाकली, दोन्हीकडच्या दिव्यांना दोऱ्या बांधल्या, मधोमध हळदकुंकू लावलं आणि जाळीवरून हात फिरवला, कपाळावरून फिरवावा तसा. "सोयऱ्याच्या दारात उघडी कशी जाईल," म्हणाल्या.

हे पुढं झाले. आई, म्हणाले, तिची जाळी झाकती. आणि आईच्या तोंडाकडं बघून मागं सरले. मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ओढ्याच्या वळणापलीकडं झूल काढू, आणि खर्डा जवळ आला की पुन्हा घालू. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

मग अक्का बाहेर आली. हिरवं लुगडं, नथ, आणि तिच्या मागं गड्यानं उचललेले पाण्याचे दोन हंडे, तोंडं फडक्यानं बांधलेली. तिच्या माहेरी पाणी नव्हतं. लग्नघरी पाणी नव्हतं. म्हणून माहेरवाशीण आपल्या विहिरीचं पाणी घेऊन निघाली होती. वेशीपाशी बायका जमल्या होत्या, त्या म्हणाल्या, अशी लेक पायजे. त्या साली कुणी सोनं नेलं असतं तर कुणी वळून पाहिलं नसतं, पण पाणी. मी माझ्या गार केलेल्या गाडीकडं पाहिलं. तिचं कुणी नावही काढत नव्हतं. तिच्यात सगळ्यांना दिसण्याजोगं काय होतं, तर ती झूल.

अक्का पुढं, मी आणि आत्याबाई मागं फळीवर, मध्ये लाकडी भिंत आणि तिला पाटीएवढी खिडकी. ओढ्याच्या वळणावर गाडी हळू झाली, आणि त्या खिडकीतून माझ्याच तोंडून शब्द गेले, "ऱ्हाऊ द्या की. नगरातनं जाताना लोक बगतील. खालनं थोडी खोवा फक्त."

"तिला श्वास लागतो, कमळ," हे म्हणाले.

पण आत्याबाई माझ्या शेजारी होत्या, आणि माझं बोलणं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बैल गेल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं. यांनी उतरून झुलीची खालची किनार खोवली, आणि निघाले.

नगरपर्यंत सगळं छान. इतकं छान की अक्काची मान डुलायला लागली. मी खिडकीतून बघत होते, आणि तिची ती डुलणारी मान मला सोसवत नव्हती. मी खरंच एकदाही त्या सीटवर अशी झोपले नव्हते. नगरात लोकांनी बघितलं, पोरं मागं धावली. पुढं जामखेडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची माणसं खडी फोडत बसली होती, ती सगळी हातोडे थांबवून झुलीकडं बघायला लागली, एक म्हातारा तर उठून उभा राहिला. मी मागं बसून अशी फुगले होते जशी काही झूल माझ्याच पाठीवर आहे.

मग ऊन माथ्यावर आलं आणि वास आला. तापलेल्या लोखंडाचा, ओळखीचा. अक्काची मान आता डुलत नव्हती. तिनं एक पाय उचलला. ठेवला. दुसरा उचलला. मग दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली, आणि आत्याबाई वाकून बघतायत असं वाटल्याबरोबर पुन्हा खाली सोडले. तिच्या मानेवरून घाम चोळीत उतरत होता. मला कळलं, सगळं कळलं. यांनी काढलेला वैल बिचारा आग मागं ओढत होता, पण नाक बांधलेलं, आग येतच होती, येतच होती. आता अक्का ओरडणार. आत्याबाई म्हणणार, चला घरी. माझा स्टो, माझा आरसा, सुतळीनं बांधलेल्या माझ्या बरण्या मला डोळ्यांपुढं दिसल्या.

आत्याबाईंनी खिडकीला तोंड लावून विचारलं, "यमे, म्होरं कसं हाय गं?"

अक्का मागं वळली नाही. "गार हाय आत्याबाई. झोप याया लागली."

थोड्याच वेळात गाडीच्या नाकातून वाफ निघाली. माळावर एका बाभळीशी हे थांबले, उतरले, मुकाट्यानं झूल सोडली, नीट घडी घालून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली आणि झाकण उघडलं. रेडिएटर उकळत होता. आता थांबायचं, निवू द्यायचं आणि पाणी घालायचं. आजूबाजूला नजर जाईल तिथवर पाणी नव्हतं. पाणी होतं ते दोन हंड्यांत, आणि त्यांच्याकडं बघायची यांची हिंमत नव्हती, माझी तर लायकीच नव्हती. अक्का स्वतःच उतरली. लंगडत मागं आली, एक हंडा ओढला, फडकं सोडलं.

"घ्या भावजी."

"वयनी, ते माहेरचं हाय."

"माहेर आलं तर माहेरचं."

हे थोडंथोडं पाणी घालत होते. खाली जे ठिबकत होतं त्यानं ओल्या झालेल्या मातीत अक्कानं हळूच एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. मी तळवे पाहिले. लाल. करंगळीशी फोड. आत्याबाईंनीही पाहिलं असावं, कारण त्या म्हणाल्या, पाय का ओढतीस गं. अक्का म्हणाली, मुंगी आली.

एक हंडा पाणी लग्नघरी पोचलं. त्याचाही मान झाला. खर्ड्याच्या अलीकडं झूल पुन्हा चढली, आणि लोकांनी तोंडभर नावाजली. आणि परत आल्यावर आत्याबाईंनी अंगणात उभं राहून निकाल दिला, "ऱ्हावा गाडीत. यमी म्हनती गार हाय."

राहिलो. त्या फळीवर माझा संसार झाला, पहिलं पोर झालं, पुढं गाडी थकली आणि आम्ही नगरात घर केलं. हेही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या दिवसापासून माझ्या मागं एक नवंच दुखणं लागलं. तोवर मी अक्काच्या नाकाचा, विहिरीचा, किल्लीचा हेवा करत होते, आणि तो हेवा सुखाचा असतो, त्याला चघळता येतं. आता तिच्या चांगुलपणाचा हेवा करायची वेळ आली. माझा संसार वाचवायला स्वतःचे पाय भाजून घेणारी जाऊ. कुणी असं करतं? मी केलं असतं? मी तर तिच्यासाठी एका घोट्यापुरता नमदा काढायला निघाले होते. सणावाराला तिला वाकून नमस्कार करताना मी तिच्या करंगळीकडं बघायची, आणि माझी मान आपोआप आणखी खाली जायची. त्याचा मला फार राग यायचा.

भंडारदऱ्याला निघताना श्वेतानं अक्कालाही गावाहून आणलं. ऐंशीच्या पुढची आहे, पाठीत वाकली आहे, नथ नातसुनेला दिली आहे, तरी नाक आहेच. पुढं कोण बसणार यावरून आमचं थोडं झालं. मी आधी चढले होते, त्यामुळं मी. संगमनेर मागं पडल्यावर श्वेता डिझेल भरायला उतरली, तेव्हा मी मागं वळून इतक्या वर्षांचं विचारून टाकलं. म्हटलं, अक्का, त्या दिवशी पाय भाजत होते आणि गार हाय का म्हणालात?

तिला आठवायला वेळ लागला नाही. तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"तू परत आली असतीस."

"मग?"

"मग काय. परत भाकरी तुजीच." ती खिडकीबाहेर बघत होती. "तू घरात होतीस तवर, येकाद्या दिशी मी थापली तर म्हातारी ताट आलं की हळूच विचारायची, कुनी थापली. मी म्हटलं मी, की चतकोर खाऊन उठायची. तू गाडीत गेलीस आन् तिला माझ्या हातची गोड लागाया लागली. लागून घेतली म्हन. पायाचं काय, पाय बरं व्हत्यात."

ज्या भाकऱ्यांचं ओझं म्हणून मी परातीवर डोळे गाळले, त्या भाकऱ्यांपायी ती चूल सोडून उठून जात होती, आणि मला वाटायचं ती मिरवत जाते. मला कुणी सांगितलंच नाही. आत्याबाईंनी तर मुकाट्यानं चुरून खाल्लं. आणि हिनं, माझ्या या देवमाणूस जावेनं, माझ्यावर उपकार नव्हते केले. ती माझ्याइतकीच वाईट होती. माझ्या पाठीवरून एवढं मोठं गाठोडं उतरलं की मी सीटवर हसायला लागले, आणि मग तीही, तोंडावर पदर धरून, सुपारी सांभाळत. श्वेता परत आली तर दोन म्हाताऱ्या डोळे पुसतायत. तिला वाटलं भांडलो.

पुढं राजूरच्या अलीकडं चहाला थांबलो. मी चहा पिऊन आले तर अक्का माझ्या सीटवर. चपला काढलेल्या, दोन्ही तळवे समोर पत्र्याला लावलेले, डोळे मिटलेले. उठण्याचा काही विचार दिसेना. मी मागं जाऊन बसले. आत गादी मऊ होती, पण मला ती पाटीएवढ्या खिडकीमागची फळीच वाटली.

गाडी निघाली. श्वेतानं विचारलं, थोरल्या आजी, एसी वाढवू का?

"नगं," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "गार हाय."

मी वाकून हात पुढं घातला आणि तिच्या पायाशी पत्रा चाचपून पाहिला. या वेळी खरंच गार होता. तरीही मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अक्का, मुंगी आली तर सांगा."